सिलिंडरची तारीख आणि मीटरचे रीडिंग

नाशिकच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेत ६४ सदनिका आहेत. गेल्या वर्षभरात त्यांनी प्रत्येक जिन्यात वीजबचतीचे फलक लावले, १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिनानिमित्त व्याख्यान ठेवले, मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली. सर्वांनी कौतुक केले, पण घरची बिले कमी झाल्याचे कोणीही सांगत नाही. तेव्हा रोजच्या वापरात माणसे वीज वाचवतात ती पैशासाठी, पर्यावरणासाठी की आणखी कशासाठी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी २० वर्षांहून अधिक काळ ऊर्जालेखापरीक्षणाचे, म्हणजे वीज आणि इंधन कुठे किती खर्च होते ते तपासण्याचे, काम करतो. सुरुवातीची वर्षे सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमध्ये गेली, पुढे गृहनिर्माण संस्था आणि घरे पाहू लागलो. या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की जी वस्तू संपताना डोळ्यांना दिसते आणि जिचा हिशेब घरातल्या कोणा एकाच्या हातात असतो, तीच वस्तू घर मनापासून जपते. पैसा, पर्यावरण, शेजाऱ्यांचे पाहून वागणे ही कारणे खोटी नाहीत, परंतु वापर दिसल्याशिवाय त्यांतले एकही कारण फार काळ टिकत नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच स्वयंपाकघरात आहे. नवे सिलिंडर लावले की त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची पद्धत असंख्य घरांत आहे. १४.२ किलोचे सिलिंडर आपल्या घरात किती दिवस जाते हे गृहिणीला विचारा, ती क्षणाचाही विलंब न लावता सांगेल, आणि या वेळी ते पाच दिवस आधी संपले तर त्याचे कारणही सांगेल: पाहुणे आले होते, दिवाळीचा फराळ केला, आंघोळीचे पाणी गॅसवर तापवले. डाळ आणि कडधान्ये आधी भिजवणे, पातेल्यावर झाकण ठेवणे, कुकरची शिट्टी झाली की आच मंद करणे, एकाच कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे लावणे, या सर्व गोष्टी तिला कोणत्याही फलकाने शिकवलेल्या नाहीत. सिलिंडर हाताने हलवून पाहता येते, त्याचे वजन जाणवते, ते संपते आणि संपल्यावर दुसरे आणावे लागते. ज्या घरांत पाइपचा गॅस आला, त्या घरांत हीच काळजी वर्ष-दोन वर्षांत सैल झालेली मी पाहिली आहे. माणसे तीच, स्वयंपाकघरही तेच. फक्त कॅलेंडरवरची तारीख गेली.

विजेच्या बाबतीत ही तारीख कधी नव्हतीच. बटण दाबले की वीज येते आणि ती किती गेली हे महिन्याने कळते. तोपर्यंत कोणत्या दिवशी काय चालू होते हे कोणाला आठवत नाही, आणि बिलावर तर एकच आकडा असतो. दुकानदाराने महिन्याच्या किराण्याची यादी न देता नुसती एकूण रक्कम सांगितली, तर आपण काय कमी करणार? त्यातून आता बिल मोबाइलवर येते आणि पुष्कळ घरांत ते बंगळुरूला किंवा पुण्याला नोकरी करणारा मुलगा परस्पर भरून टाकतो. त्याला रक्कम दिसते, पण गिझर कोण किती वेळ चालू ठेवते ते दिसत नाही. आईवडिलांना गिझर दिसतो, पण रक्कम दिसत नाही. ज्या घरात बिल भरणारा आणि वीज वापरणारा असे वेगळे झाले आहेत, तिथे सद्भावना कितीही असली तरी बचत होत नाही, असे मी खात्रीने सांगतो.

एका घरातला प्रसंग सांगतो. गंगापूर रोडच्या बाजूला एक जुना बंगला होता आणि मीटर दारातच, हाताच्या उंचीवर होते. हिवाळ्याचे दिवस होते. घरच्या आजी विजेच्या बाबतीत अतिशय काटेकोर होत्या. नातू ट्यूबलाइट चालू ठेवून खोलीबाहेर गेला की त्या त्याला हाक मारून परत बोलवत. देवघरात मात्र झिरोचा बल्ब रात्रंदिवस असे, कारण झिरो म्हणजे त्याला वीज लागत नाही अशी त्यांची समजूत होती. वास्तविक जुन्या पद्धतीचा झिरोचा बल्ब १२ ते १५ वॅट घेतो, म्हणजे ९ वॅटच्या एलईडी दिव्यापेक्षाही जास्त.

त्यांच्या मीटरवर लाल दिवा होता आणि बाजूला छापले होते की एका युनिटला तो ३२०० वेळा लुकलुकतो. मी घरातील सर्व उपकरणे, फ्रिजसुद्धा, काही वेळ बंद करायला लावली आणि मग एकेक चालू केले. नऊ वॅटचा एलईडी लावला तेव्हा लाल दिवा दोन मिनिटांतून एकदा लुकलुकला. आजी घड्याळ धरून बसल्या होत्या. त्यानंतर जुना ७५ वॅटचा पंखा लावला, तेव्हा दर १५ सेकंदांनी एकदा. मग दोन हजार वॅटचा गिझर चालू केला आणि दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकू लागला. आजी मोजता मोजता थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे तर मोजताच येत नाही. आणि मी इतकी वर्षं पोराला ट्यूबलाइटवरून बोलत होते!"

गिझरचा हिशेब त्यांना नीट समजावून द्यावा लागला, कारण गिझर म्हटले की लोक तो किती वेळ चालू राहिला याचीच काळजी करतात. पाणी ठरलेल्या अंशाला तापले की गिझर आपोआप बंद होतो. पुढच्या तासाभरात वाया जाणारी उष्णता फारशी नसते. खरा खर्च किती लिटर पाणी किती अंशांनी तापवले याचा असतो. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत न्यायला साधारण अर्धे युनिट लागते. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या म्हणजे अडीच युनिट आणि महिन्याला ७५ युनिट झाले. हे ऐकल्यावर आजींनी मला उपाय विचारला नाही. दुधाचा हिशेब लिहायची त्यांची वही होती, तिच्यात त्यांनी दुधाच्या लिटरशेजारी मीटरचे रीडिंग लिहायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा रोजचा वापर साडेनऊ युनिटांवरून आठच्या आत आला होता. बादली कोणी अर्धी भरायची आणि केस धुण्याचे वार कोणते, हे घराने आपापसांत ठरवले होते. सौर बंबाचा विचारही त्या वहीतूनच पुढे आला, कारण गरम पाण्यावर किती जाते याचा आकडा आता त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात होता.

आजींची चूक एकट्या त्यांची नव्हती. अमेरिकेत शाहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली सुमारे ५०० लोकांना ऊर्जा वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग विचारला, तेव्हा दिवे बंद करणे हे उत्तर सर्वांत जास्त लोकांनी दिले, आणि जास्त वीज खाणाऱ्या उपकरणांच्या वापराचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. दिवा डोळ्यांना दिसतो म्हणून तो मोठा वाटतो. पाणी तापवणे भिंतीआड होते म्हणून ते लहान वाटते. आपल्याकडच्या फलकांवरही बहुधा दिव्याचेच चित्र असते. असा फलक चुकीचा नाही, पण माणसाचा सगळा उत्साह घरातल्या सर्वांत छोट्या खर्चावर संपून जातो आणि बिलात फरक दिसला नाही की पुढचा प्रयत्न होत नाही.

आता पैशाचा विचार करू. महाराष्ट्रात घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. महावितरणच्या ग्राहकांना पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार दुपटीच्या आसपास पडतो, त्यामुळे टप्पा ओलांडू नये ही भावना घरांमध्ये खूप प्रबळ आहे. तिच्यात एक गैरसमज मात्र मिसळलेला आहे. ३०० च्या ऐवजी ३०५ युनिट झाले तर संपूर्ण बिल वरच्या दराने लागते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात वरचा दर फक्त शेवटच्या पाच युनिटांना लागतो. हा गैरसमज बचतीला उपयोगी पडतो म्हणून तो तसाच ठेवावा, असे काही सहकारी म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण ज्या दिवशी ग्राहकाला खरा हिशेब कळतो त्या दिवशी त्याचा आपल्या बाकीच्या सल्ल्यावरचा विश्वासही जातो. शिवाय स्थिर आकार वापर घटवला तरी घटत नाही. वीज आकार, वहन आकार आणि त्यांच्याबरोबर वीज शुल्क तेवढे कमी होते. म्हणून युनिट दहा टक्क्यांनी घटले तरी बिल तंतोतंत दहा टक्क्यांनी घटत नाही, हे आधीच सांगून ठेवावे.

पैशाने हलणारे निर्णय आहेत, आणि ते मुख्यतः खरेदीच्या वेळचे आहेत. जुना पंखा ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा, पंखा साधारण ३० वॅट. दिवसाला १५ तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. ज्या घराचा वापर १०० युनिटांच्या वर आहे, तिथे ही बचत महिन्याला २०० रुपयांच्या घरात जाते आणि तीन हजारांच्या आसपासचा पंखा दीड वर्षाच्या आत स्वतःची किंमत भरून काढतो. रोजच्या सवयींच्या बाबतीत मात्र पैशाचा जोर फार कमी आहे. एक ट्यूबलाइट तासभर आधी बंद करून महिन्याला जेमतेम दहा-बारा रुपये वाचतात, आणि दहा रुपयांसाठी रोज उठून बटणापर्यंत जाणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तो जातो तेव्हा त्याच्या मनात दुसरे काही असते.

पैसा मध्ये आणल्याने हे दुसरे काही कधी कधी मागे हटते, ही गोष्ट संस्थाचालकांनी फार गंभीरपणे घ्यावी. अनंत सुदर्शन यांचा दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील सदनिकांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथे काही कुटुंबांना त्यांचा वापर शेजारच्या घरांच्या तुलनेत किती आहे याचे नियमित अहवाल दिले गेले, आणि उन्हाळ्यातला त्यांचा वापर सुमारे ७ टक्क्यांनी घटला. दुसऱ्या गटाला तेच अहवाल आणि वर बचतीसाठी रोख बक्षीस देऊ केले, तर ती घट दिसेनाशी झाली. मला याचे कारण असे वाटते की शेजाऱ्यांपेक्षा आपण उधळे आहोत का, हा प्रश्न माणसाच्या मनाला लागतो. त्याच्या शेजारी रकमेचा आकडा ठेवला की तो प्रश्न परवडण्याचा होतो, आणि ज्याला परवडते तो निश्चिंत होतो. म्हणून सर्वांत कमी बिल येणाऱ्या घराला मिक्सर बक्षीस देण्याचा विचार आपल्या मनात असेल, तर तो कृपया सोडून द्यावा.

शेजाऱ्यांच्या प्रभावाविषयी सर्वांत बोलके काम कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस या गावी झाले. जेसिका नोलन, वेस्ली शुल्ट्झ, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ते मांडले. लोकांना वीज का वाचवता असे विचारले, तर पर्यावरण, समाजाचे हित आणि पैसे ही उत्तरे वर होती. शेजारी वाचवतात म्हणून, हे कारण सर्वांत खाली होते. मग दारोदार वेगवेगळे संदेश लावून मीटरचे रीडिंग घेतले, तेव्हा शेजारी वाचवत आहेत असे सांगणाऱ्या संदेशानेच वापर सर्वांत जास्त घटवला. स्वतःच्या वागण्याचे जे कारण माणूस सांगतो आणि जे त्याला प्रत्यक्षात हलवते, त्यांत एवढे अंतर असते. आपल्या संस्थेत प्रश्नावली वाटून उत्तरे घेतली असती तर तीही बहुधा अशीच आली असती, आणि आपण पुन्हा पर्यावरणाचेच फलक लावले असते.

त्याच गावातल्या २००७ सालच्या प्रयोगात या साधनाची दुसरी बाजूही दिसली. सरासरी कळल्यावर जास्त वापरणाऱ्या घरांनी वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्या घरांनी तो वाढवला. सगळे एवढी वापरतात तर आपणच का जपावी, असे त्यांना वाटले असावे. त्यांच्या कागदावर आकड्याशेजारी हसऱ्या चेहऱ्याचे छोटेसे चित्र काढले, आणि ही वाढ थांबली. आपल्याकडे तुलना करताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. सहा माणसांचे एकत्र कुटुंब आणि दिवसभर कामावर असणारे नवरा-बायको यांचे आकडे एका यादीत लावले, तर पहिल्या घराला तो जाहीर अपमान वाटतो. एका संस्थेने सूचना फलकावर सदनिका क्रमांकांसह यादी लावली होती. पंधरा दिवसांत ती फाडली गेली आणि त्यानंतर त्या इमारतीत विजेचा विषय काढणे अशक्य झाले. तुलना माणशी वापराची असावी, सारख्या घरांशी असावी आणि तो कागद फक्त त्या घराच्या हाती पडावा.

मराठी घरात काटकसरीचा संस्कार खोलवर रुजलेला आहे, आणि त्याच्या मुळाशी पैशापेक्षा नासाडीविषयीची नावड आहे. पानात टाकू नये, नळ उघडा ठेवू नये, रिकाम्या खोलीत पंखा फिरू नये, हे सांगताना कोणी रुपयांचा हिशेब करत नाही. लातूरला किंवा बीडला टँकरच्या रांगेत उभे राहिलेले माणूस पुढे आयुष्यभर तांब्याभर पाणीही सांडत नाही. या संस्काराला साद घातली तर ती पोहोचते, हा माझा अनुभव आहे. मात्र हाच संस्कार कधी कधी आडवाही येतो. चालू स्थितीतला पंखा काढून टाकणे हीसुद्धा नासाडीच वाटते, म्हणून तोच पंखा तीन वेळा रिवाइंडिंगला जातो आणि दर वेळी थोडी जास्त वीज खाऊ लागतो. नवा फ्रिज घेतला तरी जुना मोडीत न देता गॅलरीत पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू ठेवला जातो. अशा वेळी मी लोकांना आहे तो पंखा फेकायला सांगत नाही. सर्वांत जास्त चालणाऱ्या खोलीत नवा लावावा आणि जुना पाहुण्यांच्या खोलीत हलवावा, असे सुचवतो. आणि पुढच्या वेळी रिवाइंडिंगची पाळी आली की ते पैसे नव्या पंख्यात घालावेत. असे सांगितले की गृहस्थ पटकन तयार होतात, कारण त्यात काहीही वाया जात नाही.

पर्यावरणाचे कारण दूरचे असेल तर ते पोहोचत नाही. हिमनग आणि पृथ्वीचे तापमान यांवर बोलून मी सभागृहातून टाळ्या मिळवल्या आहेत, मीटरवर परिणाम मिळवलेला नाही. कारण जवळचे असेल तर गोष्ट बदलते. आपल्याकडे औष्णिक केंद्रात एक युनिट तयार व्हायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. चंद्रपूरला तो जळतो आणि चंद्रपूरची माणसे त्याची राख आणि धूर श्वासातून घेतात. नाशिककरांना तर यासाठी चंद्रपूरपर्यंत जाण्याचीही गरज नाही, एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या त्यांच्या घराच्या गच्चीवरून दिसतात. या केंद्रांना पाणीही भरपूर लागते. २०१५ साली दुष्काळात पाणी नसल्यामुळे परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्यातल्या श्रोत्यांना सांगितले की सभेचा नूर बदलतो. लॉस एंजेलिसमध्ये ओमर असेन्सिओ आणि मगाली देल्मास यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही हेच दिसते. ज्या कुटुंबांना किती पैसे वाचतील हे कळवले, त्यांनी बचत केली नाही. ज्यांना आपल्या विजेमुळे किती प्रदूषण होते आणि त्याचा मुलांच्या दम्याशी कसा संबंध आहे हे कळवले, त्यांनी ८ टक्के बचत केली, आणि मुले असलेल्या घरांत ती १९ टक्के होती. आईबापांच्या काळजाला काय भिडते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

भारनियमनाच्या वर्षांनी आपल्याला जे शिकवले त्याची आठवण इथे करून देतो. तेव्हा वेळापत्रक वर्तमानपत्रात येई आणि घरे त्याप्रमाणे पाणी भरत, दळण आणत, इस्त्री उरकत. त्याहून मोठा धडा इन्व्हर्टरने दिला. बॅटरी मर्यादित आहे हे माहीत असल्यामुळे घरातली सगळी माणसे एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली बसत आणि टीव्ही लावायचा की नाही याचा निर्णय विचार करून होई. वीज आली की दुसऱ्या क्षणी तेच कुटुंब चार खोल्यांत पांगे आणि चार पंखे सुरू होत. मी हे एकाच संध्याकाळी, एकाच घरात अनेकदा पाहिले आहे, आणि मर्यादा दिसली की माणूस किती सहज जपून वागतो याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

काही बचत अशीही असते की तिच्यासाठी प्रेरणेची गरज पडत नाही, आणि प्रेरणेवर भाषणे देणाऱ्या आम्हा लोकांनी हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. घाऊक खरेदीमुळे एका दिव्याची ३०० रुपयांच्या वर असलेली खरेदी किंमत काही वर्षांत ४० रुपयांच्या खाली आली, आणि ६० वॅटचा पिवळा बल्ब घरांतून जवळजवळ नाहीसा झाला. १ जानेवारी २०२० पासून ताराअंकित एसी सुरू करताच २४ अंशांवर येईल अशी सक्ती झाली. ज्याला हवे त्याने तापमान कमी करावे, पण बहुतेक माणसे आहे ते तसेच राहू देतात, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर ठेवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. संस्थेच्या जिन्यातले दिवे, पार्किंगमधले सेन्सर, टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारा पंप, ही कामे समितीने ठराव करून उरकून टाकावीत. त्यांसाठी ६४ घरांचे मन वळवत बसू नये.

बचत कोणाकडे मागू नये, हेही लिहितो. ज्या घराचा वापर महिन्याला ५०-६० युनिट आहे, त्या घराकडे वाचवण्यासारखे काही नसते. म्हाताऱ्या माणसांनी मे महिन्यात पंखा बंद करून बसावे, असा अर्थ आपल्या कोणत्याही सूचनेतून निघता कामा नये. विदर्भात तर तो जिवावर बेतू शकतो. आणखी एक गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे. बचतीच्या सूचना बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या कष्टांत भर घालणाऱ्या असतात, आणि फ्रिज, एसी, गिझर कोणता घ्यायचा हा मोठा निर्णय मात्र दुकानात पुरुष घेतात. ज्या घरात खरेदीला जाताना तिला सोबत नेले जाते आणि लेबलावरचे वर्षाचे युनिट तीही वाचते, तिथे बचत टिकते. भाडेकरूंचा प्रश्नही असाच आहे. पंखे घरमालकाचे आणि बिल भाडेकरूचे असेल तर दोघांपैकी कोणीच पंखा बदलत नाही; तिथे उपदेशाचा उपयोग नाही, भाडेकरारातच तशी तरतूद करावी लागते.

आता आपल्या संस्थेपुरते सांगतो. फलक आणि व्याख्याने काही काळ बाजूला ठेवावीत. दर रविवारी सकाळी प्रत्येक घराने आपल्या मीटरचे रीडिंग घ्यावे आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे सिलिंडरची तारीख लिहितात तिथेच, ते लिहावे. हे काम घरातल्या एका व्यक्तीच्या नावावर असावे. दहा-बारा वर्षांचे मूल असेल तर त्याच्याकडे द्यावे, कारण दिवे बंद करा म्हणून मोठ्यांना टोकण्याचा मुलांचा उत्साह दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, पण हातात वही आणि पेन्सिल दिली की ते काम त्यांना आपले वाटते. पहिले दोन महिने कोणाला काहीही कमी करायला सांगू नये, नुसते लिहू द्यावे. लग्नाचा आठवडा, परीक्षेचा आठवडा, गावी गेलेला आठवडा यांचे आकडे समोर आले की घरात चर्चा आपोआप सुरू होते आणि उपाय ते स्वतः शोधतात. तिसऱ्या महिन्यापासून माणशी वापराची तुलना बंद पाकिटातून द्यावी, आणि कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर शाबासकीचे दोन शब्द हाताने लिहावेत. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर आले आहे त्यांना मोबाइलवर रोजचा वापर दिसतो. त्यांनीही आकडा कॅलेंडरवर उतरवावा, कारण मोबाइल एकाचा असतो आणि भिंत सगळ्यांची असते.

हे सगळे सुरू करण्याआधी तळमजल्यावरची मीटररूम एकदा स्वतः पाहून यावे. बहुतेक संस्थांमध्ये तिला कुलूप असते, किल्ली वॉचमनकडे असते, आत दिवा नसतो, आणि ६४ मीटरांपैकी आपले कोणते हे निम्म्या सभासदांना ठाऊक नसते, कारण वायरमनने खडूने लिहिलेले क्रमांक केव्हाच पुसलेले असतात. समितीने तिथे एक एलईडी दिवा लावावा, प्रत्येक मीटरखाली सदनिका क्रमांक ठळक रंगाने लिहून घ्यावा, आणि रविवारी सकाळी आठ ते दहा, वॉचमनला समोर उभे करून, ते दार उघडे ठेवावे.